गुडघ्याजवळचे मोडके हाड आणि पोलादाची पट्टी

मोडलेले हाड सांधतो कोण, असा प्रश्न विचारला तर बहुतेक लोक ‘डॉक्टर’ असे उत्तर देतील. कोणी हाडवैद्याचे नाव घेतील. वस्तुस्थिती अशी आहे की, हाड स्वतःच सांधते. मोडलेल्या जागी रक्त साकळते, त्या गुठळीत नव्या पेशी शिरतात, प्रथम मऊ आणि मग कठीण असा नव्या हाडाचा गोळा दोन्ही टोकांभोवती धरतो, आणि पुढे महिनोन्महिने शरीर त्या गोळ्याला घासूनपुसून मूळ आकारावर आणते. हे काम कुत्र्यामांजरांच्या हाडांतही चालते. तेथे ना पट्टी असते ना प्लास्टर.

मग शल्यवैद्य पोलादाची पट्टी आणि आठदहा स्क्रू घेऊन मधे पडतो तो कशासाठी? ह्या प्रश्नाचे उत्तर नीट ध्यानात आले तर ह्या विषयातील पुष्कळसे कोडे सुटते, आणि घरात असा प्रसंग ओढवला असता काय मागावे व कशाचा आग्रह धरू नये हेही कळते.

शरीर हाड सांधते खरे, पण कसे सांधावे ह्याची त्याला फिकीर नसते. तुकडे तिरपे पडले असतील तर ते तिरपेच सांधते. नडगीच्या मध्यावर हाड अंशभर तिरपे सांधले तर माणसाच्या लक्षातही येत नाही. सांध्याच्या तोंडाशी मात्र तसे चालत नाही. दाराची चौकट मधल्या फळीत किंचित वाकडी असली तरी दार लागते. बिजागरीच वाकडी बसली तर ते दरवेळी करकरते आणि शेवटी निखळते. गुडघा ही शरीरातील सर्वांत मोठी बिजागरी. वरून मांडीच्या हाडाची दोन गोल टोके, खालून नडगीच्या हाडाचे सपाट माथे, समोरून वाटी, आणि ह्या सर्वांच्या घासणाऱ्या अंगांवर गुळगुळीत कूर्चेचा पातळ थर. ह्या थराला रक्तवाहिन्या नाहीत. सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून त्याचे पोषण होते, आणि सांधा हलला तरच तो द्रव त्यात झिरपतो. म्हणजे गुडघा हलवला नाही तर कूर्चा उपाशी राहते, आणि गुडघा हलवला तर मोडलेले तुकडे हलतात. गुडघ्याजवळच्या अस्थिभंगाची सारी अडचण ह्या एका वाक्यात आहे.

पूर्वी ह्या अडचणीतून एकच वाट होती : हाड वाचवायचे आणि गुडघा सोडून द्यायचा. मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर घालून माणसाला तीन महिने निजवून ठेवीत. प्लास्टर काढल्यावर हाड सांधलेले असे, आणि गुडघा काठीसारखा ताठ झालेला असे. साहेबाच्या देशात खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला असा पाय घेऊन कसेबसे जगता येते. आमच्याकडे ते कसे जमावे? साध्या चालण्याला गुडघा सुमारे ६५ अंश वाकावा लागतो, जिना चढायला ९० च्या आसपास, आणि उकिडवे बसायला १३० अंशांहून अधिक. डहाणूच्या किनाऱ्याने नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी अशी गावे पाहत जा. चिकूच्या वाडीत झाडावर चढणारा गडी, ताडीसाठी ताडावर चढणारा, होडीच्या काठावरून उतरणारा मच्छीमार, वाळत घातलेल्या बोंबलांशेजारी बसून निवड करणारी कोळीण, तलासरीकडच्या शेतात चिखलात वाकून भाताची लावणी करणारी वारली बाई : ह्यांतील कोणाचे काम ताठ गुडघ्याने होणार आहे? ह्यांच्यापुढे ‘हाड सांधले’ एवढ्याने भागत नाही. पाय वाकला तर रोजगार, नाही तर घरी बसणे.

ही दृष्टी नवी नाही, पण ती आपल्याकडे उशिरा आली. जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात जो कृत्रिम पाय बनवला, त्याची सारी थोरवी हीच होती की तो घालून माणसाला उकिडवे बसता येई, मांडी घालता येई, चिखलात उतरता येई. तो पाय कापलेल्यांसाठी होता. ज्यांचा पाय शाबूत आहे त्यांच्या गुडघ्याचा विचारही त्याच मापाने व्हावयास हवा.

प्राचीन काळी आपल्याकडे ह्या विषयाचा अभ्यास नव्हता असे मात्र कोणी समजू नये. सुश्रुतसंहितेत भग्न म्हणजे मोडलेल्या हाडांवर स्वतंत्र अध्याय आहेत. वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन ह्यांच्या साली आणि बांबूच्या कामट्या बांधण्यासाठी सांगितल्या आहेत. मांडी किंवा नडगी मोडलेल्या माणसाला फळीवर निजवून खुंट्यांच्या आधाराने पाय अचल ठेवण्याची ‘कपाटशयन’ नावाची रीतही दिली आहे. बंध फार सैल असेल तर सांधा स्थिर राहत नाही आणि फार घट्ट असेल तर सूज, वेदना व पूय होतो, हेही तेथे सांगितलेले आहे. हा दुसरा इशारा आजही कोणी कामटी बांधताना विसरला तर काय होते ते पुढे येईलच.

युरोपातही दीर्घकाळ ह्यापलीकडे फारसे काही नव्हते. प्लास्टरची पट्टी डच लष्करी शल्यवैद्य मातेइसेन ह्याने १८५२ च्या सुमारास प्रचारात आणली. कातडी उघडून हाडाला हात घालण्यास कोणी धजत नसे, कारण जखम कुजून माणूस दगावे. तो धोका पत्करला तो जोसेफ लिस्टर ह्याने, आणि नेमका गुडघ्यावरच. १८७७ च्या ऑक्टोबरात लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात त्याने एका माणसाची फुटलेली गुडघ्याची वाटी उघडली आणि चांदीच्या तारेने दोन्ही तुकडे एकत्र शिवले. धडधाकट माणसाचा चांगला सांधा मुद्दाम उघडणे हे त्या काळच्या वैद्यांना अविचाराचे वाटले, त्याच्यावर टीकाही बरीच झाली. पण लिस्टरने कार्बोलिक आम्लाने हात, हत्यारे आणि जखम जंतुरहित ठेवली होती. जखम कुजली नाही, आणि वाटी सांधली.

वाटीच्या बाबतीत हे धाडस का करावे लागले, हे समजण्यासारखे आहे. मांडीचा पुढचा बलिष्ठ स्नायू वाटीच्या वरच्या कडेला लागलेला असतो. वाटी आडवी फुटली की तो वरचा तुकडा ओढून नेतो आणि दोन तुकड्यांत बोटबोट अंतर पडते. कितीही प्लास्टर घातले तरी ते अंतर मिटत नाही. आज ह्यासाठी दोन सरळ तारा उभ्या घालतात आणि त्यांच्याभोवती वाटीच्या पुढच्या अंगाने इंग्रजी आठाच्या आकाराची तार आवळतात. गंमत अशी की, ही तार पुढच्या अंगाला असल्यामुळे गुडघा वाकवला की तुकडे उघडण्याऐवजी सांध्याच्या बाजूने एकमेकांवर दाबले जातात. जी ओढ पूर्वी हाड फाडत होती तीच ते मिटवू लागते. ह्या लहानशा तारेइतकी सुंदर युक्ती ह्या शास्त्रात दुसरी क्वचितच असेल, असे आमचे मत आहे.

पट्टीचा इतिहास लिस्टरनंतर थोड्याच वर्षांत सुरू होतो. हॅम्बुर्गच्या हान्समान ह्याने १८८६ साली निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादी पट्ट्या वापरल्याचे प्रसिद्ध केले. त्याच्या पट्टीचे एक टोक आणि स्क्रूंचे दांडे कातडीबाहेर राहत, म्हणजे काम झाल्यावर ओढून काढता यावेत. लंडनच्या आर्बथनॉट लेनने जखमेला हाताचे बोटही लागू न देता लांब दांड्याच्या हत्यारांनी पट्ट्या बसवण्याची शिस्त घातली. बेल्जममधील अँटवर्पच्या लांबोतने तर हत्यारे आणि पट्ट्या स्वतः घडवल्या. हा गृहस्थ फावल्या वेळात व्हायोलिन बनवीत असे, आणि चांगली बनवीत असे. लाकूडकाम जाणणाऱ्या हातांनी हाडाच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला हे विशेष आहे.

ह्या सर्वांना नडला तो गंज. समुद्रकाठी राहणाऱ्यांस हे वेगळे सांगावयास नको. खाऱ्या वाऱ्यात खिडकीचे गज, होडीचे खिळे कसे खातात ते आपण रोज पाहतो. शरीरातील द्रवही खाराच आहे. त्यात साधे पोलाद गंजते, स्क्रू सैल होतात, भोवतालचे हाड विरघळते. पट्टी एका धातूची आणि स्क्रू दुसऱ्या धातूचा असला तर दोहोंत विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होऊन ते आणखी वेगाने झिजतात. अमेरिकेतील व्हेनेबल आणि स्टक ह्यांनी १९३७ साली हे प्रयोगाने दाखवून दिले. आज वापरतात ते ३१६ एल जातीचे, क्रोमियम, निकेल आणि मॉलिब्डेनम मिसळलेले न गंजणारे पोलाद, किंवा टायटॅनियमची मिश्रधातू. पट्टी आणि स्क्रू एकाच धातूचे हवेत हा नियम मात्र अजून तसाच आहे.

खरा पालट झाला तो स्वित्झर्लंडमध्ये. तेथे कामगारांच्या अपघाताचा विमा उतरवलेला असे, त्यामुळे पाय मोडलेला माणूस किती दिवसांनी कामावर परत येतो आणि किती जणांना कायमचा भत्ता द्यावा लागतो ह्याचे आकडे उपलब्ध होते. ते आकडे सुखावह नव्हते. १९५८ च्या नोव्हेंबरात बील ह्या गावी मॉरिस म्युलर, अल्गोवर, विलेनेगर, श्नायडर आदी १३ शल्यवैद्य एकत्र आले आणि त्यांनी हाडे धातूने जोडण्याच्या प्रश्नाचा अभ्यास करणारा एक गट स्थापन केला. तो ‘एओ’ ह्या आद्याक्षरांनी जगभर ओळखला जातो. बेल्जमच्या रोबेर दानिसने १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाचा त्यांच्यावर मोठा परिणाम होता. त्यांचे सूत्र थोडक्यात असे : सांध्याचा पृष्ठभाग अचूक जुळवा, तुकडे इतके घट्ट धरा की प्लास्टर लागू नये, स्नायूकातडीचा रक्तपुरवठा जपा, आणि दुसऱ्या दिवसापासून सांधा हलवा.

आमच्या मते ह्या मंडळींचे सर्वांत मोठे शहाणपण असे की, त्यांनी हत्यारांचे काम रॉबर्ट माटिस नावाच्या एका यंत्र-कारागिराकडे सोपवले. बेटलाख गावात त्याचा लहानसा कारखाना होता. वैद्य अडचण सांगत, माटिस स्क्रू कापून आणी, त्यात दोष निघे, तो पुन्हा कापी. त्यातून एक संपूर्ण संच तयार झाला, ज्यात प्रत्येक स्क्रूला ठरलेले गिरमिट, ठरलेली आटे पाडणी आणि ठरलेला पेचकस. आज पालघर जिल्ह्यातील शस्त्रक्रियागृहात जी पेटी उघडतात ती रचनेने त्याच पेटीची पणती आहे.

आता ती पेटी उघडून पाहू. पाहणाऱ्याला प्रथम वाटेल की आपण चुकून सुताराच्या दुकानात आलो. गिरमिट, छिन्नी, हातोडी, कानस, पक्कड, चिमटे, पाना, सारे काही आहे. फरक आहे तो मापाच्या काटेकोरपणात. ४.५ मिलिमीटरचा स्क्रू बसवावयाचा तर भोक पाडतात ३.२ मिलिमीटरचे. मग खोली मोजण्याची एक आकडी असलेली सळई भोकात घालून पलीकडच्या काठाला अडकवतात आणि नेमकी लांबी वाचतात. स्क्रू आखूड असेल तर पकड कमी. लांब असेल तर गुडघ्यामागच्या लवणीत शिरून रक्तवाहिनीला टोचण्याचे भय. त्यानंतर आटे पाडतात आणि शेवटी स्क्रू फिरवतात. स्क्रूही दोन जातींचे. हाडाच्या मधल्या भागाची भिंत कठीण असते, तेथे बारीक आणि जवळजवळ आट्यांचा स्क्रू चालतो. सांध्याजवळचे हाड आतून जाळीदार, पावासारखे असते, तेथे ६.५ मिलिमीटरचा, खोल आणि दूरदूर आट्यांचा स्क्रू लागतो. सागात बसणारा स्क्रू सावरीच्या लाकडात धरत नाही, हे सुताराला शिकवावे लागत नाही.

गिरमिट फिरत असताना त्यावर मिठाच्या पाण्याची धार धरतात. ती स्वच्छतेसाठी असते असा समज होतो. तिचे मुख्य काम थंडावा देण्याचे आहे. हाडाच्या पेशी सुमारे ४७ अंश सेल्सियसपुढे मिनिटभर तापल्या तरी मरतात, आणि मेलेल्या हाडात स्क्रू टिकत नाही. बोथट गिरमिट म्हणूनच वाईट.

गुडघ्याजवळच्या मोडींत सर्वांत अधिक विचार मागणारी मोड म्हणजे नडगीच्या माथ्याची. माणूस झाडावरून सरळ पायावर पडला, किंवा रस्त्यावर मोटारीची धडक गुडघ्याच्या बाहेरच्या अंगास बसली, की मांडीच्या हाडाचे गोल टोक नडगीच्या सपाट माथ्यात घणासारखे शिरते. बाहेरच्या अंगाचे हाड आतल्यापेक्षा नरम असल्याने तेच बहुधा फुटते. टोरोंटोच्या शाट्झकर ह्याने १९७९ मध्ये ह्या मोडींचे सहा प्रकार पाडले, आणि ते वर्गीकरण अजून रोजच्या बोलण्यात आहे. पहिल्या प्रकारात कडेची एक ढलपी सुटते. तिसऱ्यात कडा शाबूत राहून मधलाच भाग खचतो. सहाव्यात माथा खालच्या दांड्यापासूनच वेगळा होतो.

खचलेला भाग कसा उचलतात, हे ऐकण्यासारखे आहे. अंगणातील एखादी फरशी खचली तर गवंडी ती वरून ओढत नाही. खालून उचलतो, खाली भराव घालतो आणि कडेने आधार देतो. येथेही तसेच. माथ्याच्या खाली हाडाला लहान खिडकी पाडतात, त्यातून बोथट टोकाचा ठोकणा आत घालून हळूहळू ठोकत खचलेला कूर्चेचा तुकडा वर आणतात, क्ष-किरणांच्या पडद्यावर पातळी पाहत. खाली पोकळी उरते. तीत रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा चुरा, किंवा कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेट, भरतात. मग कूर्चेच्या लगत खाली चारपाच स्क्रू ओळीने आडवे घालतात, छपराच्या वाशांसारखे, आणि बाहेरून माथ्याच्या वळणाबरहुकूम वाकवलेली, वर रुंद व खाली निमुळती पट्टी टेकू म्हणून बसवतात. ही पट्टी तुकड्यांना ‘बांधत’ नाही. ती त्यांना खाली घसरू देत नाही, इतकेच तिचे काम.

साध्या पट्टीत एक उणीव होती. तीत स्क्रू पट्टीला हाडावर दाबतो आणि सगळी पकड त्या दाबावर, घर्षणावर अवलंबून असते. म्हाताऱ्या माणसाच्या पोकळ झालेल्या हाडात स्क्रू डुगडुगू लागला की पट्टी सुटते. म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि ह्या शतकाच्या आरंभी अशी पट्टी आली की जिच्या भोकांनाही आटे असतात आणि स्क्रूच्या डोक्यालाही. डोके भोकात फिरून घट्ट बसते, आणि पट्टी व स्क्रू मिळून एक अखंड चौकट होते. तिला हाडावर दाबून बसण्याची गरज नसते, त्यामुळे हाडावरच्या आवरणातील बारीक रक्तवाहिन्या चिरडत नाहीत. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी ही पट्टी फार उपयोगी पडली. तेथे पोटरीचा स्नायू खालचा तुकडा मागे ओढतो आणि त्याची धार लवणीतील मोठ्या धमनीवर येते. शिवाय हा तुकडा लहान, त्यात एकदोनच स्क्रूंना जागा. पूर्वी त्यासाठी ९५ अंशांत वाकवलेली पाते असलेली पट्टी ठोकीत, आणि ते काम फार कसबाचे होते.

तरीही नवीन ते सर्वत्र चांगले असे नाही. तरुणाच्या घट्ट हाडातील साध्या मोडीला साधी पट्टी पुरते, आणि तिची किंमतही कमी असते. टायटॅनियमच हवे असा हट्ट धरणारे नातेवाईक सर्वत्र भेटतात. टायटॅनियमची मिश्रधातू पोलादाच्या सुमारे निम्मी ताठ असते. पोलाद हाडाच्या जवळजवळ दहापट ताठ. काही ठिकाणी तो लवचिकपणा हितकर असतो. पण टायटॅनियमचे स्क्रू कधीकधी पट्टीत असे जाम बसतात की पुढे काढताना घाम फुटतो. निवड मोडीवरून व्हावी, धातूच्या नावावरून नव्हे.

पट्टी म्हणजे आता पाय पूर्वीपेक्षा भक्कम झाला, असा एक घातक समज आहे. लोखंडी तार हातांनी पुन्हापुन्हा वाकवली तर ती तुटते. पट्टीवर पावलोपावली तसाच ताण येतो. हाड वेळेत सांधले तर भार हाडाकडे जातो आणि पट्टी मोकळी होते. नाही सांधले तर कितीही उत्तम पट्टी शेवटी मोडते. ही हाडाची आणि धातूच्या थकव्याची शर्यत आहे. विडी, तंबाखू आणि न आवरलेला मधुमेह हाडाला ह्या शर्यतीत मागे खेचतात. नडगीच्या माथ्याच्या मोडीनंतर आठ ते बारा आठवडे त्या पायावर भार द्यावयाचा नाही असे सांगतात, ते ह्यासाठी. गुडघा वाकवावयाचा पहिल्या दिवसांपासून, पण त्यावर उभे राहावयाचे तीन महिन्यांनी : ह्या दोन सूचना ऐकणाऱ्याला परस्परविरुद्ध वाटतात आणि तो नेमके उलटे करतो. दुखते म्हणून वाकवीत नाही, आणि दुखणे थांबले की चालू लागतो. टोरोंटोच्याच रॉबर्ट सॉल्टर ह्यांनी १९७० नंतर सशांवर केलेल्या प्रयोगांत दिसले की, सतत हलवलेल्या सांध्यातील कूर्चेची जखम बांधून ठेवलेल्या सांध्यापेक्षा फार चांगली भरते. व्यायाम हा शस्त्रक्रियेचाच अर्धा भाग आहे. मुंबईस हाजी अली येथे १९५५ पासून पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे. पण खाटेवर बसून टाच सरकवत गुडघा वाकवण्यास संस्था लागत नाही. एकदा नीट शिकवणारा मात्र लागतो.

आता ह्या भागातील माणसाला सर्वांत जवळची गोष्ट. मोड झाल्यावरचे पहिले काही तास. गुडघ्यामागच्या लवणीतून पायाची एकमेव मोठी धमनी जाते, आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून जाणारा मज्जातंतू पाऊल वर उचलण्याचे काम करतो. पाऊल थंड व पांढरे पडले, बोटे हलेनाशी झाली, तर हाडाची गोष्ट बाजूला ठेवून तासांच्या हिशेबाने धावपळ करावी लागते. दुसरे भय पोटरीच्या आत दडलेले. पोटरीचे स्नायू चिवट पडद्यांच्या कप्प्यांत बंद असतात. आत रक्तस्राव होऊन दाब वाढला की स्नायूंचे रक्त तुटते आणि सुमारे सहा तासांत ते मरू लागतात. खूण अशी : वेदना मोडीच्या मानाने भलतीच जास्त, औषधाने न शमणारी, आणि पायाची बोटे दुसऱ्याने हलवली तर किंकाळी. ह्यावर उपाय एकच, ते पडदे तातडीने चिरून दाब मोकळा करणे.

अशा पायावर घट्ट कामटी बांधली किंवा चोळले तर काय होईल ते सांगावयास नको. हाडवैद्यांविषयी आम्ही तुच्छतेने बोलू इच्छित नाही. मनगटाच्या, बरगडीच्या साध्या मोडी त्यांच्या हातून बऱ्या झालेल्या घरोघर सापडतील, आणि वेळीअवेळी हाकेला येणारा तोच असतो. परंतु गुडघ्याजवळची मोड चोळण्याची नव्हे. पाय आहे त्या स्थितीत दोन फळ्यांमध्ये उशी किंवा चादर घालून सैलसर बांधावा, बोटे उघडी ठेवावीत, हाड बाहेर आले असेल तर स्वच्छ कापडाने झाकावे, आणि निघावे. २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. डहाणू-तलासरीचे लोक अवघड मोड घेऊन वापी, वलसाड किंवा सिल्वासाकडे जातात, काही मुंबईची वाट धरतात. कोठेही जाण्यापूर्वी जवळच्या सरकारी रुग्णालयात पाय नीट बांधून, नाडी तपासून, उघड्या जखमेसाठी धनुर्वाताची व जंतुनाशक औषधाची सुई घेऊन पुढे जाणे चांगले. दोन तासांच्या मोटारप्रवासात सैल लटकणारा पाय नव्याने इजा करून घेतो.

मोठ्या रुग्णालयात पोहोचल्यावर आणखी एक गोष्ट नातेवाईकांना अस्वस्थ करते. डॉक्टर लगेच पट्टी बसवीत नाहीत. कातडीबाहेरून दोन सळया मांडीत, दोन नडगीत घालून वर दांड्याची चौकट बसवतात आणि आठवडाभर, कधी दोन आठवडे थांबतात. ‘पैशासाठी निजवून ठेवले’ अशी कुजबुज सुरू होते. कारण निराळे असते. जबर मोडीनंतर पाय सुजून कातडी ताणलेल्या ढोलासारखी होते, तिच्यावर फोड येतात. अशा कातडीतून छेद घेतला तर टाके बसत नाहीत, जखम उघडते, पट्टी दिसू लागते आणि जंतू हाडात शिरतात. १९८० च्या आसपास असल्या जखमांचा कडू अनुभव अनेक देशांनी घेतला, त्यातून ही थांबण्याची रीत आली. सूज उतरून कातडीवर बारीक सुरकुत्या दिसल्या की शल्यवैद्य तारीख देतो. कातडी फारच बिघडलेली असेल तर पट्टी न घालता, सायबेरियातील कुर्गान गावच्या इलिझारोव्हने १९५१ पासून वापरात आणलेल्या, ताणलेल्या तारांच्या व कड्यांच्या चौकटीवरच सारे काम निभावतात.

खर्चाविषयी बोलणे भाग आहे, कारण नरपडच्या वाडीत रोजावर राबणाऱ्या माणसाचा निर्णय पुष्कळदा तेथेच होतो. २०१७ च्या ऑगस्टात सरकारने गुडघ्याच्या किमती बांधून दिल्या असे पुष्कळांनी वाचलेले असते, आणि ते पट्टीची किंमतही त्यात धरतात. ती मर्यादा झिजलेला गुडघा बदलण्याच्या कृत्रिम सांध्याला लागू झाली, मोडीच्या पट्ट्यांना नव्हे. पट्ट्यांची छापील किंमत वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही, इतकेच बंधन आहे. मात्र महाराष्ट्रात २०१२ साली सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले ह्यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना आहे. तीत हाडांच्या शस्त्रक्रियाही येतात, आणि तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय २०२३ साली झाला. योजनेतील रुग्णालय कोणते, हे घरून निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. शिधापत्रिका बरोबर असावी; ती घरी राहिल्याने अडलेले लोक थोडे नाहीत.

आणखी एक मागणी प्रत्येकाने करावी. पट्टीच्या आणि स्क्रूंच्या वेष्टनावर कारखान्याचे नाव, परवाना क्रमांक आणि घाण्याचा क्रमांक असलेली चिठ्ठी असते. ती आपल्या कागदपत्रांत चिकटवून घ्यावी. रोपणाच्या पोलादाला ठरलेली प्रमाणके आहेत, आणि ती पाळणारे कारखाने आपल्या देशातही आहेत. चिठ्ठी दाखवण्यात प्रामाणिक माणसाला अडचण नसते. पुढे कधी पट्टी काढावी लागली तर तिचा दुसरा उपयोग होतो : कोणत्या मापाचा पेचकस लागणार हे त्या शल्यवैद्याला आधी कळते, कारण एका कारखान्याचा पेचकस दुसऱ्याच्या स्क्रूला बसेलच असे नाही, आणि स्क्रूचे डोके एकदा झिजले की अर्ध्या तासाचे काम तीन तासांवर जाते.

पट्टी काढावीच लागते का, असा प्रश्न हमखास विचारला जातो. नाही. हाड सांधल्यावर ती आत राहिली तरी बहुतेकांना काही होत नाही, आणि उतारवयात तर ती तशीच ठेवतात. बारीक माणसाच्या कातडीखाली ती टोचत असेल, गुडघा टेकवताना दुखत असेल, किंवा तरुण वय असेल तर दीडदोन वर्षांनी काढतात. काढल्यावर स्क्रूंची भोके भरून येईपर्यंत काही आठवडे हाड कच्चे असते. तेवढ्या काळात झाडावर चढू नये.